एक खिडकी आणि तीन फसलेल्या फ्रेम : एचडीआर फोटोचं एक प्रकरण

परिस्थिती

जुन्या धाटणीचं एक वाचनालय. लांबट हॉल, गडद लाकडाची कपाटं, मधोमध पॉलिश केलेलं मोठं टेबल, त्यावर पिवळ्या उजेडाचे दिवे, छताला एलईडी ट्यूब आणि समोरच्या भिंतीत एक उंच खिडकी. खिडकीची चौकट काळपट लाकडाची, तिला उभ्या-आडव्या पट्ट्या. बाहेर उन्हात न्हालेलं झाड आणि त्यामागे पांढऱ्या ढगांचं आकाश. माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता. हॉल नीट दिसला पाहिजे, खिडकीबाहेरचं झाडही दिसलं पाहिजे आणि जागा ओसाड वाटू नये म्हणून टेबलाशी कुणीतरी वाचत बसलेलं असावं, एवढीच मागणी.

काम माझ्या ओळखीच्या एका तरुण छायाचित्रकाराकडे होतं. त्याने एचडीआर करायचं, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून एक फोटो करायचं ठरवलं, तीन फ्रेम घेतल्या, सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या, जे बाहेर आलं ते पाहून हबकला आणि सगळ्या फाईल माझ्याकडे पाठवल्या. सोबत एकच ओळ : "दादा, कुठला स्लायडर चुकतोय तेवढं सांगा ना."

स्लायडरही चुकले होतेच. पण फोटोत दिसणारे बहुतेक दोष कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधीच फाईलमध्ये येऊन बसले होते. एचडीआरमध्ये हे फार होतं. बिघाड होतो शूटिंगमध्ये, नजरेस पडतो टोन मॅपिंगमध्ये (जोडलेल्या फ्रेममधली उजळतेची मोठी रेंज पडद्याला-कागदाला पेलेल इतकी दाबण्यात), आणि मग माणूस रात्र-रात्र स्लायडर इकडून तिकडे सरकवत बसतो. हे प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण यात नेहमीचे जवळजवळ सगळे दोष एकाच चित्रात होते आणि त्यातले दोन तर एकमेकांसारखे इतके दिसत होते की भल्याभल्यांनी फसावं.

जोडलेल्या फोटोत काय दिसत होतं

खिडकीतलं आकाश राखाडी. पांढरं नाही, निळं नाही, ओल्या सिमेंटसारखं राखाडी. त्याच्या शेजारची भिंत मात्र आकाशापेक्षा उजळ. झाडाची पानं दुहेरी-तिहेरी उमटलेली आणि वाचणाऱ्या बाईंना पान उलटताना तीन हात. चौकटीभोवती पांढरट वलय. टेबलाखालच्या अंधारात लाल-हिरवे ठिपके. छतावर फिकट-गडद आडवे पट्टे. खिडकीजवळचा भाग निळसर, दिव्याखालचा नारिंगी. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे अख्खा फोटो जरासा मऊ, कुठेच टोकदार नाही.

हे कमी होतं म्हणून की काय, तिथल्याच कुणीतरी मोबाइलवर सहज काढलेला फोटो यापेक्षा बरा दिसत होता. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं. त्याकडे पुढे येतो.

आधी कच्च्या फ्रेम

अशा वेळी मी जोडलेली फाईल बंद करतो आणि मूळ फ्रेम एकेक करून शंभर टक्के झूमवर पाहतो. सोबत एक्झिफ, म्हणजे फाईलमधली कॅमेरा सेटिंगची नोंद, उघडा ठेवतो. इथे तेवढ्यानेच निम्मं निदान झालं.

सेटिंग होतं अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा), आयएसओ ४०० (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता). ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम, कॅमेऱ्याच्या नेहमीच्या तीन फ्रेमचं, उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप. शटर आले १/२५०, १/६० आणि १/१५. कॅमेरा हातात धरलेला. ऑटोफोकस चालू, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेलं समायोजन) ऑटो, आणि जोडायला घेतलेल्या फाईल जेपीईजी. रॉ फाईलही (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) सोबत होत्या, पण "जड पडतात" म्हणून बाजूला ठेवलेल्या.

आता दृश्याचं गणित मांडून पाहू. बाहेर लख्ख ऊन आहे, म्हणजे आयएसओ १०० आणि एफ ८ धरलं तर झाडासाठी साधारण १/५०० सेकंद लागतं. आतल्या भिंतीसाठी, त्याच सेटिंगला, जवळपास २ सेकंद. दोन्हींत हजार पटींचा फरक. दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे हा झाला दहा स्टॉपचा फरक, आणि तोही फक्त मधल्या टोनमधला. झाडाच्या वर पांढरे ढग आहेत, भिंतीच्या खाली टेबलाखालचा अंधार आहे. ते धरले तर हिशोब पंधरा स्टॉपच्या पलीकडे जातो. आजच्या चांगल्या सेन्सरची रेंज कागदावर चौदा स्टॉपच्या आसपास असते, पण तिच्या तळाचे दोन-तीन स्टॉप नॉइजचेच, म्हणजे दाणेदार ठिपक्यांचेच असतात. तेव्हा एका फ्रेममध्ये हे मावणार नाही, हे त्याचं अनुमान बरोबर होतं.

चुकलं ते पुढे. आयएसओ ४०० वरचं १/२५० म्हणजे आयएसओ १०० वरचं जवळपास १/६०. झाडाला हवं होतं १/५००. त्याच्या सगळ्यात गडद फ्रेममध्येही बाहेरचा भाग तीन स्टॉप जास्त उजळ होता. उलट टोकाला १/१५ म्हणजे आयएसओ १०० वरचं १/४, आणि भिंतीला हवे होते २ सेकंद. तिथे तीन स्टॉप कमी. म्हणजे तीन फ्रेम घेऊनही ना वरचं टोक हाती आलं, ना खालचं. मीटरने खिडकी आणि हॉल यांची सरासरी काढली आणि ब्रॅकेटिंग त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पावलं चाललं. दृश्याची टोकं त्याहून बरीच लांब होती.

तीन फ्रेम म्हणजे एचडीआर, ही समजूत कॅमेऱ्यांच्या मेन्यूने पसरवली आहे. किती फ्रेम हे दृश्य ठरवतं. सगळ्यात गडद फ्रेममध्ये ढगाचा तपशील शाबूत हवा आणि सगळ्यात उजळ फ्रेममध्ये टेबलाखालची सावली हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजळतेच्या आलेखाच्या, डाव्या भिंतीपासून सुटलेली हवी. मधल्या फ्रेम फक्त पायऱ्या आहेत. रॉ असेल तर दोन स्टॉपची पायरी पुरते. एक स्टॉपची पायरी घेतली तर फ्रेम दुप्पट होतात, आणि जितक्या फ्रेम जास्त तितका वेळ पानांना हलायला मिळतो. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा हिस्टोग्राम रॉचा नसून आतल्या जेपीईजी प्रिव्ह्यूचा असतो, हेही ध्यानात ठेवावं. तो हायलाइट जळाल्याची ओरड जरा आधीच करतो. गडद टोकाला ही ओरड ऐकलेली बरी.

राखाडी आकाश आणि गुलाबी ढग

आता एकेका दोषाचं मूळ पाहू. आकाश राखाडी का? तिन्ही फ्रेममध्ये ते पांढरंफटक होतं, म्हणून. जिथे माहितीच नाही तिथे टोन मॅपिंग काय आणणार? त्याला फक्त एवढं कळतं की हा भाग सगळ्यात उजळ आहे आणि सगळ्यात उजळ भाग दाबायचा आहे. कोरा पांढरा दाबला की राखाडी होतो. 'हायलाइट' स्लायडर आणखी डावीकडे ओढला तर राखाडी आणखी गडद होईल, ढग काही उगवणार नाही.

मी सांगितलं म्हणून त्याने मग रॉ फाईल दुसऱ्या एका मोफत प्रोग्रॅममध्ये जोडल्या. तर ढग गुलाबी! हाही जुना आजार आहे. दिवसाच्या उजेडात सेन्सरचे हिरवे पिक्सेल सहसा आधी भरतात. अतिउजेडाच्या जागी लाल आणि निळेही भरून तिन्ही एकाच कमाल पातळीवर येऊन थांबतात. त्यानंतर व्हाइट बॅलन्स लाल आणि निळ्याला एकापेक्षा मोठ्या आकड्याने गुणतो, हिरव्याला नाही. म्हणून पांढऱ्याच्या जागी गुलाबी येतो. नेहमीचे रॉ कन्व्हर्टर अशा जागा ओळखून तिथे सरळ पांढरा भरतात. जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या सेन्सरची कमाल पातळी चुकीची धरली गेली असेल, तर गुलाबी तसाच राहतो. व्हाइट पॉइंट किंचित खाली घेतला की तो जातो, पण ढग तरीही कोराच. दोन्ही लक्षणांचा उगम एकच : गडद टोकाला आणखी दोन फ्रेम हव्या होत्या.

अंधारातले ठिपके

तीन स्टॉप कमी म्हणजे एक अष्टमांश उजेड. उजेडाच्या स्वतःच्या अनियमिततेतून येणारा नॉइज उजेडाच्या वर्गमुळाने चालतो, म्हणून एक अष्टमांश उजेडात सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर साधारण २.८ पटींनी घसरतं. वर सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज वेगळा. ही सावली सॉफ्टवेअरने वर ओढली आणि 'डिटेल' स्लायडरने त्यातला प्रत्येक ठिपका धारदार केला. नॉइज रिडक्शन लावून ठिपके गेले असते, सोबत कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरची अक्षरंही गेली असती. यावर औषध एकच, सावलीला खरा उजेड पुरवणं. म्हणजे लांब एक्स्पोजर, म्हणजे ट्रायपॉड.

मऊपणा, तीन हात आणि पट्टे

हे तिन्ही थोडक्यात उरकतो. १/१५ला हात हलला होता, हे पुस्तकांच्या पाठींवर स्पष्ट दिसत होतं. शिवाय ऑटोफोकसने एका फ्रेममध्ये खिडकीची पट्टी पकडली आणि दुसऱ्यात टेबल. फोकस बदलला की बऱ्याच लेन्समध्ये चित्राचा आकारही किंचित बदलतो, त्यामुळे आपोआप जुळवणी मध्यभागी बसते आणि कडांना सुटते. मऊपणा तिथून आला.

घोस्टिंग, म्हणजे हलत्या गोष्टी दुहेरी-तिहेरी उमटणं, अटळच होतं, कारण पानं आणि माणसं हलतात. सॉफ्टवेअरमधलं 'डीघोस्ट' जादू करत नाही. हलणाऱ्या जागी ते एकच फ्रेम निवडतं आणि बाकीच्या फेकून देतं. त्या फ्रेममध्ये ती जागा जळालेली असेल तर फोटोतही जळालेलीच येते. त्याने डीघोस्ट 'हाय'वर ठेवून पाहिलं होतं. हात दोनवर आले, पण झाडाच्या जागी पांढरा डाग आला.

छतावरचे पट्टे ट्यूबलाइटचे. वीज ५० हर्ट्झची असेल तर तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात, ६० हर्ट्झची असेल तर १२० वेळा. १/२५० सारख्या शटरला त्यातला तुकडाच सापडतो, आणि सेन्सर वरून खाली टप्प्याटप्प्याने उघडत असल्याने तो तुकडा पट्ट्याच्या रूपात उमटतो. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर पट्टे आणखी ठळक. दिवे बंद करता येत नसतील तर छत ज्या फ्रेममधून घ्यायचं तिचा शटर ५० हर्ट्झला १/५० किंवा त्याहून बराच लांब ठेवावा.

वलय की फ्लेअर?

या प्रकरणातला मला सगळ्यात रस वाटलेला भाग हा. चौकटीभोवतीचं पांढरट वलय पाहून त्याने 'हेलो आलाय' असं म्हटलं. कुणीही म्हणेल.

हेलो येतो तो टोन मॅपिंगच्या रचनेतून. टोन मॅपिंगच्या पद्धतींचे ढोबळ दोन वर्ग. एका वर्गात संपूर्ण चित्राला एकच वक्ररेषा लावतात. त्यात हेलो येत नाही, पण चित्र सपाट वाटतं. दुसऱ्या वर्गात प्रत्येक जागी आजूबाजूची उजळता पाहून वेगळा निर्णय घेतात. हा 'आजूबाजू' किती मोठा, ते रेडियसवर ठरतं. लख्ख खिडकी आणि काळी चौकट जिथे भिडतात तिथे हा 'आजूबाजू' दोन्हीकडची सरमिसळ करतो. मग गडद बाजू कडेपाशी आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ होते. २००२ साली फ्रेडो दुरां आणि ज्युली डॉर्सी यांनी बायलॅटरल फिल्टरवर बेतलेली पद्धत मांडली ती मुख्यतः हे टाळण्यासाठी. मोठ्या कडा ओलांडून सरासरी काढायचीच नाही, ही तिची मूळ कल्पना.

पण या फोटोत खिडकीच्या पट्ट्या नीट पाहिल्या तर दोन वेगळ्या गोष्टी होत्या. भिंतीच्या बाजूला एक रुंद, मऊ, फिकट पट्टा. आणि पट्ट्यांच्या लाकडावर एक दुधाळ पापुद्रा, ज्यामुळे काळं लाकूड राखाडी आणि मूळच्या निम्म्या जाडीचं वाटत होतं. मी त्याला फाईल उघडून रेडियस कमी-जास्त करायला लावला. भिंतीवरचा पट्टा लगेच रुंद-अरुंद व्हायला लागला. लाकडावरचा दुधाळपणा जागचा हलला नाही.

जो स्लायडरसोबत हलतो तो हेलो. जो हलत नाही तो फाईलमध्येच आहे. उजळ फ्रेम एकटी उघडून पाहिली तर तिथे लाकूड तसंच दुधाळ होतं. हा लेन्सचा फ्लेअर. लांब एक्स्पोजरमध्ये खिडकीतून आलेला प्रचंड उजेड लेन्सच्या काचांमध्ये परावर्तित होऊन शेजारच्या काळ्या भागावर पसरतो. गडद फ्रेममध्ये त्याच पट्ट्या कोळशासारख्या काळ्या आणि पूर्ण जाडीच्या होत्या. जोडणीत सॉफ्टवेअरने दोन्हींचं मिश्रण केलं आणि निम्मी दुधाळ, निम्मी काळी अशी दुहेरी कड तयार झाली.

हा फरक कळणं महत्त्वाचं, कारण उपाय वेगळे. हेलो असेल तर रेडियस, स्ट्रेंग्थ किंवा पद्धतच बदला. फ्लेअर असेल तर पुढचा यूव्ही फिल्टर काढा, काच पुसा, हुड लावा, आणि तरी उरलेल्या जागी त्या उजळ फ्रेमला बोलवूच नका. मुळात फ्रेम कितीही घ्या, खिडकीलगतच्या सावलीत लेन्स काय पोचू देते तीच मर्यादा असते. मेन्यूत नऊ फ्रेम आहेत म्हणून नऊ घेणाऱ्यांनी हे एकदा तपासून पाहावं.

मोबाइलचा फोटो बरा का आला

मोबाइल बहुधा वेगळ्या वाटेने जातो. गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली त्यांच्या 'एचडीआर प्लस' पद्धतीचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम नाहीतच. मुद्दाम कमी ठेवलेल्या एकाच एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम भराभर घ्यायच्या, जुळवायच्या आणि सरासरी काढायची. एक्स्पोजर कमी, म्हणून ढग जळत नाही. सरासरी काढली, म्हणून नॉइज उतरतो. सगळ्या फ्रेम सारख्याच, म्हणून जुळवणी सोपी आणि तीन हातांची भानगड कमी.

याच्या कॅमेऱ्यात सेन्सर मोठा होता, लेन्स चांगली होती, पण गडद टोक सोडून दिलं होतं. ते टोक मोबाइलने न सांगता सांभाळलं. मोठं करून पाहिल्यावर मोबाइलच्या फोटोतली पानं रंगाच्या फटकाऱ्यांसारखी होती आणि टेबलाखाली नुसता काळा ढिगारा. पण माहितीपत्रकात तळहाताएवढ्या आकारात छापायचं तर ते कुणाला दिसणार?

पुन्हा शूटिंग

वेळ तीच निवडली, कारण बाहेरचं ऊन हवं होतं. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, यूव्ही फिल्टर काढलेला. फोकस एकदा टेबलाच्या पुढच्या तिसऱ्या भागावर घेऊन मॅन्युअलवर टाकला. एफ ८ आणि आयएसओ १०० कायम. अ‍ॅपर्चर बदलून ब्रॅकेटिंग करू नये. त्याने डेप्थ ऑफ फील्ड बदलते आणि कडा जुळत नाहीत. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधलेला. दोन सेकंदांचा टायमर, आणि लाकडी जमिनीवर कुणी चालणार नाही याची ताकीद. पाच सेकंदांच्या फ्रेमला दोन पावलंही पुरतात.

शटर असे : १/८००, १/२००, १/५०, १/१३, ०.३, १.३ आणि ५ सेकंद. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने सात फ्रेम, टोकापासून टोकापर्यंत बारा स्टॉप. १/१००० पासून सुरुवात केली असती तर तिसरी फ्रेम १/६० वर पडली असती. ती १/५० वर यावी म्हणून जरा अलीकडून सुरू केलं. सातही एक्स्पोजरची बेरीज सात सेकंदांच्या आत. तेवढ्यात ढग सूर्यावर आला तर बाहेरचा उजेड बदलतो, म्हणून मालिका लागोपाठ दोनदा घेतली.

दिव्यांचं काय? खिडकीचा उजेड निळसर, रंग-तापमानाच्या मापात साडेपाच-सहा हजार केल्विनच्या पुढचा, आणि टेबलावरचे दिवे तीन हजारांच्या आतबाहेर. दोन्ही एका मालिकेत घेतले की कुठलाही व्हाइट बॅलन्स एका बाजूला खोटाच ठरतो, आणि टोन मॅपिंग सॅच्युरेशन वाढवून तो खोटेपणा चव्हाट्यावर मांडतं. मी सुचवलं की मुख्य मालिका सगळे दिवे आणि ट्यूब बंद ठेवून घे. मग पडदा ओढून, फक्त टेबलावरचे दिवे लावून, ०.३ सेकंदाची एकच वेगळी फ्रेम. तिचा व्हाइट बॅलन्स दिव्यांप्रमाणे, किंचित ऊब राहील असा. छतावरच्या पट्ट्यांचा प्रश्नही यातच निकालात निघाला.

वाचणाऱ्या बाईंना सात सेकंद पुतळ्यासारखं बसवणं नको होतं. खिडकीचा उजेड त्यांच्यावर पडत होता, तिथे आयएसओ १०० ला अर्धा सेकंद लागत होता. आयएसओ १६०० वर तोच १/३० झाला. मालिका संपल्यावर त्यांना बसवून त्या सेटिंगने काही सुट्या फ्रेम घेतल्या, आणि पान उलटताना हात छान आलेली एक उचलली. थोडा नॉइज आला, पण तो एका माणसापुरता, आणि छपाईत तो दिसत नाही.

जोडणी

इथे आमचा थोडा वाद झाला. त्याला सातही फ्रेम जोडून ३२ बिटची खरी एचडीआर फाईल करायची होती आणि मग टोन मॅपिंग. मी एक्स्पोजर फ्यूजनच्या बाजूने. टॉम मेर्टन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हान रीथ यांनी २००७ साली मांडलेली ही पद्धत मध्ये एचडीआर फाईल बनवतच नाही. प्रत्येक जागी कुठल्या फ्रेममध्ये कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन आणि एक्स्पोजर नीट आहे हे तोलते आणि त्या वजनांनी फ्रेम मिसळते. 'एन्फ्यूज' हा मोफत प्रोग्रॅम त्यावरच बेतलेला आहे. घराच्या, हॉलच्या आतल्या दृश्यांना तिचा निकाल मला बहुतेक वेळा जास्त नैसर्गिक वाटतो. तिचा दोष म्हणजे चित्र जरा धुरकट येतं, पण शेवटी एक साधा कॉन्ट्रास्टचा कर्व्ह लावला की ते सुटतं. हेलोशी झगडण्यापेक्षा हे परवडलं.

सगळ्या रॉ फाईलना आधी एकच व्हाइट बॅलन्स आणि लेन्स करेक्शन दिलं. चौकटीच्या कडेची जांभळी रेघ जोडणीआधीच काढावी, नंतर ती सात थरांत पसरलेली असते. शार्पनिंग शून्य. १६ बिट टिफ करून त्यातल्या पाचच फ्रेम फ्यूजनला दिल्या, १/२०० पासून १.३ सेकंदापर्यंत. दोन्ही टोकं राखून ठेवली.

मग हाताने मास्क, म्हणजे कुठल्या जागी कुठली फ्रेम दिसावी ते ठरवणं. झाड एकट्या १/२०० च्या फ्रेममधून, त्यामुळे पानं एकेकटी. ढगाच्या सगळ्यात उजळ भागासाठी १/८००. टेबलाखाली आणि कपाटांच्या खालच्या कप्प्यांत ५ सेकंदांची फ्रेम, पण खिडकीपासून लांबच. चौकटीच्या पट्ट्या १/५० मधून, काळ्या त्या काळ्याच. दिव्यांची फ्रेम 'लाइटन' मोडमध्ये वर ठेवून निम्म्यापेक्षा कमी ओपॅसिटी दिली. शेवटी बाई.

यात फसवेगिरी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी गुस्ताव ल ग्रे यांची १८५० च्या दशकातली समुद्रचित्रं आठवावीत. आकाश आणि पाणी एका निगेटिव्हवर मावत नव्हतं, म्हणून काही चित्रांत त्यांनी दोन निगेटिव्ह क्षितिजापाशी जोडल्या.

खिडकी उजळच हवी

पहिल्या जोडणीत त्याने खिडकी आणि भिंत अगदी एका पातळीवर आणून ठेवली. सगळं दिसत होतं आणि तरी फोटो भिंतीवर झाडाचं पोस्टर चिकटवल्यासारखा वाटत होता. डोळ्याला ठाऊक असतं की बाहेर आतल्यापेक्षा उजळ आहे. हा क्रम उलटला किंवा सपाट झाला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. एचडीआरच्या नावाने लोक नाक मुरडतात ते बहुतेक याच क्रमभंगामुळे, असं माझं मत आहे. भडक रंग त्याच्या नंतर येतात.

खिडकीतला भाग भिंतीपेक्षा एक ते दीड स्टॉप उजळ ठेवला. तपासायची सोपी रीत अशी : फोटो कृष्णधवल करून नखाएवढा लहान करायचा आणि पाहायचं, सगळ्यात उजळ जागा कुठली? खिडकी नसेल तर परत मागे.

उरलेली कुसपटं

छताच्या सपाट रंगात एके ठिकाणी पायऱ्या दिसायला लागल्या होत्या, कारण मध्येच त्याने फाईल ८ बिटमध्ये सेव्ह केली होती. पुन्हा १६ बिटच्या टिफवरून तेवढा भाग केला. ८ बिट फक्त अगदी शेवटच्या जेपीईजीला.

पॉलिश केलेल्या टेबलातलं खिडकीचं प्रतिबिंब मात्र शेवटपर्यंत छळत होतं. टेबल उजळ फ्रेममधून आलं होतं, खिडकी गडद फ्रेममधून. परिणामी प्रतिबिंब खऱ्या खिडकीपेक्षा उजळ, आणि त्यातलं झाड कोरं पांढरं. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा उजळ असू शकत नाही, आणि मोठं करून पाहणाऱ्या ग्राहकाला ते खटकतंच. टेबलाच्या तेवढ्या भागावर १/१३ ची फ्रेम मऊ ब्रशने आणली, प्रतिबिंब खिडकीपेक्षा साधारण दोन स्टॉप खाली बसवलं आणि पट्ट्यांचं प्रतिबिंब सरळ रेषेत जुळतंय ना ते पाहिलं. एका पट्टीच्या टोकाला अजून किंचित दुहेरी कड आहे. ती बाईंच्या कोपराआड जाते, म्हणून तशीच ठेवून फाईल छपाईला पाठवली.